दोन बोटांचा ब्रेक

नाही, उठवणार नाही मी त्यांना. आत्ताच डोळा लागलाय. जेवण झालं की घटकाभर पडायची सवय आहे, आणि ती तुमच्या गाडीपायी मोडायची नाही — गाडी तुमची असेल, नवरा माझा आहे. जे काय असेल ते मला सांगा. हसू नका. हसलात हो, ओठ हलले ते दिसले मला. काउंटरमागे उभी असते म्हणजे बाईला नट-बोल्ट मोजून देण्यापलीकडे काही येत नाही, असंच वाटतं तुम्हा लोकांना. येतात, माझ्या डोक्यावरून आत बघतात आणि विचारतात, "मिस्त्री आहेत का?" — जशी काही मी भिंतीवरचं कॅलेंडर आहे. बोला. पुढचा ब्रेक ना? मग त्यात सांगायचं काय, माहीत आहे मला. ती काय, भिंतीकडची पांढरी डर्ट बाइक तुमची. पुढच्या टायरवर खडूची फुली दिसतेय? ती आज सकाळी आमच्या ह्यांनी मारलीय. फुली म्हणजे ब्रेक नापास. फुली आहे तोवर गाडी या दारातून बाहेर जात नाही — मग रविवारी तुमची शर्यत असो नाहीतर तुमचं लग्न असो.

तिसऱ्यांदा नापास? मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदाही होईल, तोंड कशाला पाडताय. पॅड नवे टाकले, ऑइल नवं भरलं, पाइपसुद्धा बदलून घेतला, आणि तरी मिस्त्री म्हणतात दम नाही — तर नाही दम! ह्यांनी "दम नाही" म्हटलं की विषय संपला. हे काही चौकातलं काचेचं गॅरेज नाही, गाडी मशीनवर चढवली, पडद्यावर हिरवा दिवा लागला की न्या घरी. आमचं मशीन म्हणजे ह्यांची दोन बोटं. दारातला हा सिमेंटचा उतार बघितलात? गाडी बंद ठेवायची, उतारावरून सोडायची, हे शेजारून चालत जातात आणि अर्ध्या वाटेत पुढच्या लिव्हरवर बोटं ठेवतात — ही दोन, अंगठ्याजवळचं आणि मधलं. तेवढ्यात चाक जागच्या जागी थांबलं पाहिजे. पूर्ण मूठ आवळावी लागली तर तो ब्रेकच नव्हे, असं ह्यांचं म्हणणं. आणि बरोबरच आहे. डोंगरउतारावर, चिखलात, हाताला मुंग्या आलेल्या असताना मूठ कुठून आणणार तुम्ही? दोन बोटंच उरतात तेव्हा. काचवाल्यांनी पास केलेली गाडी ह्यांनी नापास केलीय आणि त्याच आठवड्यात तिचा पाइप फुटलाय, हे बघितलंय मी या डोळ्यांनी. म्हणून तर शर्यतीच्या आधी सगळे झक मारत इथेच येतात.

आणि तुमची एकटीचीच नाही, जीव लहान करू नका. ती पिवळी बघा. ती निळी. आणि ती कोपऱ्यातली, वाळक्या चिखलासकट आणून टाकलेली — दुसऱ्याच्या दारात गाडी आणताना धुऊन आणावी, एवढंही कळत नाही. तिन्हींवर फुली. तिन्हींचा पुढचा ब्रेक. हा सगळा महिना दुसरं काही नाहीच — जी येते तिच्या पुढच्या ब्रेकला दम नाही. मी म्हटलंसुद्धा ह्यांना, अहो, रायडर संपले, आता नुसते कपडे घालणारे उरले. छातीला ढाल, गुडघ्याला वाट्या, डोक्यावर कॅमेरा — आणि ब्रेक? ब्रेकचं बघू नंतर. वर थांबायचं कसं तेही येत नाही. जमिनीवरची ती काळी रेघ दिसते? पिवळीवाल्याची आहे. आत येताना मागचा ब्रेक पायाने असा दाबला की घासतच आला काउंटरपर्यंत, जसं काही कुणी शूटिंग करतंय. हे नुसती जमीन बघून सांगतात हं — रेघ कुठे सुरू झाली, कुठे संपली, कोणतं चाक तिच्या टोकाला उभं आहे, आणि गडी पुढच्या ब्रेकने थांबला की मागच्या. मागच्याने थांबतो तो घाबरट. तोंडावर म्हणतात. पिवळीवाला असा लालेलाल झाला — बघण्यासारखा होता.

बरं, आणा ती इकडे. आणा, आणा, बघते तरी तुम्ही काय दिवे लावलेत ते. स्टँडवर घ्या. अशी नाही — राहू द्या, मीच घेते.

पहिलं सांगा, डिस्कला काय फासलंत? काहीच नाही? सगळे असंच म्हणतात. गेल्या हंगामात एक आला होता, चेनला तेल मारता मारता पुढच्या डिस्कलाही दोन्ही बाजूंनी मारून आणलं होतं — गंज चढू नये म्हणून! म्हणजे ज्या पत्र्याला धरून गाडी थांबायची त्यालाच तेल. आणि वर मला विचारतो, "ब्रेक मारला की गाडी पुढे का जाते?" कुंपणाला जाऊन धडकला होता तो. कुंपण मध्येच आलं म्हणाला. तुम्ही त्यातलेच, वेगळे कशाला असाल. ते पांढरं फडकं द्या. हे बघा, आता पुसते आणि दाखवते तुम्हाला तुमचं... हं. स्वच्छ आहे. फडकं पांढरंच आहे. असेल, एखाद्याचं नशीब असतं.

पॅड बघू. म्हणजे कॅलिपर काढायला हवा — हा ठोकळा, याच्यात पॅड बसतात, मिटल्या ओठांसारखे डिस्कला दोन्हीकडून धरतात. आणि एक सांगते, कॅलिपर बाहेर असताना लिव्हरला हात लावायचा नाही, पिस्टन बाहेर येऊन बसतील आणि मग ते आत ढकलायला तुम्हालाच बसवीन संध्याकाळपर्यंत. पाना द्या. तो नाही. त्याच्या शेजारचा. तोही नाही — अहो, आंधळ्यासारखे काय चाचपडताय, सरका, घेते मी. — — अगं बाई! हा बोल्ट आहे की बाटलीचं झाकण? पाना लावला नि फिरला, जोर लावायच्या आधीच! कुणी हात घातला इथे? खरं सांगा. व्हिडिओ बघून उघडलात ना तुम्ही? अर्धं उघडायचं, भीती वाटली की तसंच ठेवून द्यायचं. हा बोल्ट सुटला असता तर कॅलिपर चाकात अडकला असता, मग कसली शर्यत नि कसलं काय. — कोण? मिस्त्रींनी बसवला? आज सकाळी, तुमच्यासमोर? उगाच काहीतरी ठोकून देऊ नका हं. ह्यांनी आवळलेला बोल्ट उघडायचा तर मला पान्यावर पाय देऊन उभं राहावं लागतं. घरच्या लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा ह्यांनी लावलं की ह्यांनीच उघडायचं, दुसऱ्याची टाप नाही. नाव घेताना जरा विचार करून घ्या.

पॅड... पॅड जाड आहेत. कडा झिजलेल्या नाहीत. काचेसारखे चकाकतही नाहीत — चकाकले की समजायचं जळाले, नुसते घसरतात मग. नवे टाकल्यावर आधी हळूहळू घासून बसवले होते का? होते? कुणी सांगितलं तुम्हाला? ह्यांनी. हां, मग ठीक. ह्यांनी सांगितलेलं ऐकलंत तेवढं तरी बरं केलंत. पिस्टन जागेवर. पिना मोकळ्या आहेत, सरकताहेत लोण्यासारख्या. मग राहिलं काय? हवा. लाइनमध्ये हवा आहे तुमच्या, दुसरं काही नाही. पाइप बदलताना बुडबुडा आत राहिला असणार. लिव्हर दाबली की आधी तो बुडबुडा दबतो, ब्रेक नाही. — पाइप कुठे बदललात? इथेच? ह्यांनीच? बरं. बदलताना तुम्ही शेजारी उभं राहून बडबड करत असाल, लक्ष गेलं असेल त्यांचं.

कॅलिपर लावला परत. आता ही नळी निप्पलला लावते — हवा बाहेर काढायचं हे बारीक तोंड — दुसरं टोक या बाटलीत. तुम्ही लिव्हरवर बसा. बसा म्हणजे बसा नव्हे हो — हात ठेवा! दाबा. धरून ठेवा. मी "सोडा" म्हणेपर्यंत सोडायचं नाही, सोडलंत तर बाहेर गेलेली हवा परत आत येईल. दाबा. धरा. सोडा. पुन्हा. हे काम दोघांचं असतं. पूर्वी हे दाबायचे आणि मी खाली बसून निप्पल उघडायची. हल्ली मलाच वर उभं करतात, "तू दाब, मी खाली बसतो." गुडघे दुखतात माझे म्हणून असेल — म्हणजे तसं काही बोलले नाहीत, मीच आपलं समजून घेतलं. कौतुक बोलून दाखवायची पद्धत नाही आमच्याकडे. उलट हल्ली चिडचिडच फार. पाने आपटतात. परवा चहाचा कप फोडला, म्हणे कपाचा कान निसटता आहे. कपाचा कान! आपल्या हातून पडला म्हणायला जीभ वळत नाही. आणि सकाळी सदऱ्याची बटणं मी लावायची — या वयात हे लाड. मी म्हटलं, नवरदेव आहात का? तर हसले नाहीत. दाबा. धरा. आला का बुडबुडा? नाही. सोडा. परत दाबा.

एकही नाही. नळीत ऑइल आहे, सलग, केसाएवढासुद्धा बुडबुडा नाही.

बरं. बोल्ट आवळते आधी. हे असं आवळायचं असतं — बघून ठेवा, परत हात लावायची हौस आली तर. दातओठ खाऊन. हं. आता लिव्हरची मुळातली पिन... तीही मोकळी. मग तुमच्या गाडीला झालंय तरी काय? काही नाही असं कसं होईल. ह्यांनी फुली उगाच मारली का? चला, उतारावर घ्या. मी लावते बोटं. दोनच. बघाच तुम्ही, कशी पुढे घरंगळते ती. सोडा. सोडा गाडी —

अरे.

परत वर घ्या. पडले नाही हो, पडता पडता राहिले. पुढचा शॉक खाली बसला नि मागचं चाक वर उचललं गेलं, बघितलंत ना? परत. सोडा. — हं. पुन्हा एकदा. एका बोटाने बघते. — —

थांबा जरा. बोलू नका. तिकडे स्टुलावर बसा. नाही, काही नाही. ती पिवळी आणा इकडे. विचारू नका, आणा. उतारावर. सोडा. — थांबली. निळी आणा. — ही पण. ती चिखलवाली राहू द्या, तिथेच पुढे ढकलते... थांबली. सगळ्या थांबताहेत. दोन बोटांत. माझ्या दोन बोटांत थांबताहेत, आणि मी कणीक मळणारी बाई आहे, पैलवान नाही.

असे बघू नका माझ्याकडे. मला कळलंय. तुम्हाला कळायच्या आधी कळलंय. क्लच कुणाचाच खराब नाही — तो डाव्या हाताचा. महिनाभर. एकाचाही नाही. मागचा ब्रेक कुणाचा खराब नाही — तो पायाचा. सगळ्या गाडीत एकच गोष्ट खराब, जिला उजवा हात लागतो. आणि मी त्यांच्या तोंडावर म्हणत होते, रायडर संपले! जो येईल त्याला सांगत होते, बघा आमच्या ह्यांची नजर, महिन्यात एकही गाडी सुटली नाही. ब्रेक नाही हो. हात. दम हाताचा गेलाय. कप. बटणं. "तू दाब." आणि त्यांना वाटतंय गाडी थांबत नाही. खरंच तसं वाटतंय त्यांना, खोटं बोलणारा माणूस नाही तो — दाबतात, चाक पुढे जातं, मग ते म्हणतात दम नाही. बरोबरच तर म्हणतात.

तो बोल्ट.

उठू नकोस! बसून राहा म्हटलं ना. तो बोल्ट त्यांनीच बसवला होता. तू खरं बोलत होतास. पाना घेते आधी. पिवळीचे कॅलिपरचे बोल्ट... बघ. फिरला. हा पण फिरला. पुढच्या चाकाचा नट? — हाताने फिरतोय. हाताने! या गाडीवर बसून तो पिवळीवाला मोठ्या उतारावर जाणार होता. फुली होती म्हणून इथे उभी आहे ती. फुलीनेच वाचवलं त्याला, काय बाई म्हणायचं याला. निळी. चिखलवाली. तुमच्या चाकाचा नट बघितला का मी? नाही बघितला. धरा ही. घट्ट धरा. — — हं. आता बसला. आता नाही सुटायचा.

ऐका. इथे जे झालं ते इथेच ठेवायचं. काचवाल्याकडे जाऊन बोललात तर तुमची गाडी या दारात परत दिसायला नको मला. सल्ला देऊ नका. दवाखाना मलाही ठाऊक आहे, तुमच्याच घरी शोध लागलेला नाही त्याचा. आजच नेणार आहे. माझी कंबर धरलीय, सोबत चला, असं सांगितलं की येतात ते — स्वतःसाठी जन्मात येणार नाहीत. तोवर प्रत्येक गाडीला त्यांच्यामागून माझा पाना लागेल. तुम्ही आता गाडी न्या. सुरू करू नका, ढकलत न्या कोपऱ्यापर्यंत, आवाज झाला तर —

झालं. चपला वाजल्या. उठलेत.

आता नीट ऐका, तुमच्याकडून पहिल्यांदाच एक शहाणपणाचं काम होणार आहे. आमचे हे तुमची गाडी परत उतारावर घेणार. घेतल्याशिवाय सोडणार नाहीत. हे डाव्या बाजूने चालतात, हात तुमच्या पुढून उजव्या लिव्हरवर जाईल. तुम्ही वर बसा. उजवा पाय मागच्या ब्रेकवर, त्या बाजूचं त्यांना दिसत नाही. बोटं टेकली की दाबायचं. हळूच. पिवळीवाल्यासारखं कचकन नाही — हळूच, लोण्यात सुरी गेल्यासारखं. आणि विचारलं तर हवा होती म्हणायचं. तुमच्या चुकीने. मान खाली घालून म्हणायचं. जमेल? जमेल, तुमचा चेहरा तसाच आहे.

— आलात का? झोप झाली नाही वाटतं. हे बघा, पांढरीवाले आलेत. अहो, हवा होती लाइनमध्ये! मी काढली सगळी. बाटलीभर बुडबुडे. — ह्यांचीच चूक, काहीतरी उघडून बसले होते, केलं कबूल. केलंत ना हो? बघा, मान हलवली. तुम्ही म्हणत होतात तसंच होतं, दम नव्हताच. आता बघा तुम्हीच. नाही, बसू दे त्यांना वर, बसलेल्या माणसाच्या वजनाने ब्रेकचं खरं काय ते कळतं. कधी नव्हे ते मी काही सांगतेय, ऐका की. या इकडून. हां. सोडू का? सोडते —

थांबली!

बघितलंत? जागच्या जागी. दोन बोटांत. आहे ना दम? मग म्हणा की तोंडाने. एवढंसंच? मोठ्याने म्हणा, ह्यांनाही ऐकू दे, केव्हाचे अडून बसलेत. फडकं कुठाय? फुली मी पुसते, तुम्ही कशाला वाकता. हे बघा, गेली. पास. आणि माझी कंबर धरलीय हो आज, संध्याकाळी जरा दवाखान्यात —

अहो.

काय बघताय खाली? काही नाही ते. रेघ आहे, पिवळीवाल्याची. जुनीच. — ती तिथे होती, हो, काउंटरकडे होती, पण ही पण त्याचीच असेल, दोनदा आला असेल तो. मागच्या चाकाखाली आहे म्हणून काय झालं? आता रेघच ती, असते कुठेही.

हात खिशात कशाला घातलात? अहो. माझ्याकडे बघा ना.

— तुम्ही काय उभे आहात, पांढरीवाले? पास झाली ना गाडी? हळूच दाबायला सांगितलं होतं ना तुम्हाला, हळूच — एवढं एक काम नीट झालं नाही. निघा. काही बोलायचं नाही. आणि जाताना ते शटर ओढून घ्या.

अर्धं नाही. पूर्ण.